थर्गुडच्या होडीवरचा पाहुणा

इंग्लंडातल्या विदरशॅमच्या खाडीवर घरी बीअर न करणारी माणसं दोनच होती. एक चर्चचा पाद्री आणि दुसरा लेनर्ड थर्गुड. पुढे पाद्री बदलला, आणि नवा आला तो स्वतःचं पिंप बगलेत मारूनच आला. त्यामुळे राहता राहिला लेनर्ड. शिडाच्या होड्या बाळगणाऱ्या लोकांत बीअर करणं हा नुसता छंद नसतो, कुळाचार असतो. हिवाळाभर होडी खरवडायची, घरच्या कपाटात पिंप आंबत ठेवायचं आणि उन्हाळा आला की होडीच्या मागच्या बैठकीत शेजारपाजाऱ्यांना गोळा करून ते पाजायचं. बीअर चांगली झाली की वाईट, हा प्रश्न तिथे कोणी काढत नाही. पहिला घोट घेऊन "या खेपेला जमलीय हं" म्हणायचं आणि मग वारा कुठून सुटलाय यावर तासभर बोलायचं. वारा सगळ्यांच्याच तोंडावर येत असतो, तरी तो विषय तासभर पुरतो.

त्या वर्षी जुलै महिन्यात लेनर्डने बीअर करायला घेतली. का घेतली हे त्याने कोणाला सांगितलं नाही, तेव्हा आपणच सांगून टाकू. दोन वर्षांत त्याच्या होडीवर बसायला कोणी आलं नव्हतं.

त्याची बायको अ‍ॅव्हिस दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये गेली. ती होती तोवर 'टीझल'वर, म्हणजे त्यांच्या होडीवर, माणसांचा राबता असे. ती गेल्यावर तो थांबला. यात लोकांचा दुष्टावा काही नव्हता. माणसाला दुःखात त्याचं त्याला राहू द्यावं, ही तिथल्या लोकांची सौजन्याची कल्पना, आणि विदरशॅमच्या लोकांनी लेनर्डला दोन वर्षं अगदी मन लावून त्याचं त्याला राहू दिलं होतं. धक्क्यावर गाठ पडली की विचारत, "काय लेनर्ड, ठीक ना?" तो म्हणे, "ठीक." मग दोन्ही पक्ष घटकाभर ओहोटीकडे बघत आणि आपापल्या वाटेने चालू लागत.

लेनर्डने चौतीस वर्षं जिल्ह्याच्या सांडपाणी खात्यात काढली होती. पाणी जिथे जायला हवं तिथे का जात नाही, हे शोधून काढायची त्याची नोकरी. अशा माणसाला कुठल्याही तुंबण्याचं कारण सापडल्याशिवाय चैन पडत नाही. धक्क्यावर त्याच्या शेजारीच रोलंड स्पर्जनची होडी होती. रोलंड हा निवृत्त दातांचा डॉक्टर, आणि दातांच्या डॉक्टरशी गप्पा मारायला कोणी आपण होऊन जाईल असं एरवी वाटणार नाही. पण त्याच्या बैठकीत रोज संध्याकाळी पाचसहा जण दाटीवाटीने बसलेले, आणि हसण्याचा आवाज थेट टीझलच्या केबिनमध्ये. लेनर्डने एक आठवडा निरीक्षण केलं आणि निष्कर्ष काढला की कारण बीअर आहे. ऑगस्टच्या मध्याला होडीवाल्यांच्या क्लबच्या सगळ्या होड्या शेजारच्या खाडीत जाऊन एकमेकींना बांधून एक दिवस राहतात. त्या दिवशी आपल्याकडे चाळीस बाटल्या तयार असल्या म्हणजे झालं, असा त्याने हिशेब बांधला.

सामान आणलं. माल्टच्या पाकाचा डबा, यीस्टची पुडी, झाकणाचं पिंप आणि झाकणात खोचायची काचेची वाकडी नळी. आतला वायू या नळीतल्या पाण्यातून बुडबुड्यांनी बाहेर पडतो. डब्यासोबतच्या कागदावर लिहिलं होतं की दहा दिवस पिंप उबेला ठेवा. उबेची जागा प्रत्येक घरात ठरलेली असते. गरम पाण्याची टाकी बसवलेलं, चादरी-टॉवेल उबदार ठेवायचं कपाट. अख्खं विदरशॅम त्याच कपाटात बीअर आंबवतं.

लेनर्डने ते कपाट उघडलं. आत अ‍ॅव्हिसने घडी घालून ठेवलेले टॉवेल आणि चादरी होत्या. टॉवेलची तिची घडी वेगळी असायची, आधी लांबीत तीन आणि मग अर्धी, सगळ्या कडा एका रेषेत. ती गेल्यापासून त्याने त्यातला एकही काढला नव्हता. दोन जुने टॉवेल तो आलटून पालटून धुऊन वापरत होता. खालचा एक खण रिकामा केला असता तर पिंप सहज मावलं असतं. दहा मिनिटांचं काम. तो त्या कपाटासमोर बराच वेळ उभा राहिला, मग दार लावलं आणि पिंप होडीवर घेऊन गेला.

आता होडीवर बीअर आंबवायला ठेवणं म्हणजे झोपाळ्यावर दही लावण्यासारखं आहे, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. विदरशॅमची खाडी चिखलाची. दिवसातून दोनदा पाणी निघून जातं आणि होड्या चिखलात बसून एका कुशीवर कलंडतात. भरतीला पुन्हा उठतात. पहिल्याच ओहोटीला पिंप केबिनभर फिरून आलं आणि नळीतलं पाणी लेनर्डच्या पायमोज्यांत गेलं. मग त्याने डोकं चालवलं. होडीत झोपायच्या फळीला एक कापडी कठडा असतो, माणूस कलंडून पडू नये म्हणून. लेनर्डने पिंप त्या फळीवर आडोशाला ठेवलं, कठडा वर ओढून बांधला, आणि विदरशॅमचा जुलै हा काही उन्हाळा म्हणवण्याच्या लायकीचा नसल्यामुळे पिंपाला स्लीपिंग बॅगेत घातलं. नळीला उजेड लागू नये म्हणून वर आपली लोकरीची टोपी चढवली. दुपारी घरून गरम पाण्याच्या दोन रबरी पिशव्या आणायच्या, पिंपाच्या दोन्ही कुशींना लावायच्या, आणि ओहोटी संपेपर्यंत शेजारी बसून एका हाताने त्याला धरून ठेवायचं, असा त्याचा दिनक्रम सुरू झाला. ओहोटी रोज पाऊण तास पुढे सरकते, तसा लेनर्डही सरकू लागला. जेवणं वेळी-अवेळी होऊ लागली. डोळे तपासायला बोलावलं होतं, तिथे त्याने कळवलं की त्या वेळी मला येता येणार नाही, जबाबदारी आहे.

हे शब्द फोनवर बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच बरं वाटलं.

तशात सल्ले सुरू झाले. लेनर्डने बीअर घातलीय ही बातमी डबा विकत घेतला त्याच दिवशी धक्क्यावर पोचली होती.

"कपाटात ठेवलीस ना?" रोलंडने आपल्या होडीवरून विचारलं.

"हो," लेनर्ड म्हणाला. नाही म्हटलं असतं तर का नाही हे सांगावं लागलं असतं, आणि का नाही हे सांगायचं तर टॉवेलांपर्यंत जावं लागलं असतं.

"मग झालं. आता एकच लक्षात ठेव. बाटल्या भरताना प्रत्येकीत अर्धा चमचा साखर. मोजून. त्याशिवाय फेस धरत नाही. आणि त्या डॅफ्नीचं ऐकू नकोस."

डॅफ्नी कटमोर या क्लबच्या अध्यक्ष. बहात्तर वर्षांच्या, एक गुडघा धातूचा, आवाज भोंग्यासारखा. त्यांनी लेनर्डला क्लबच्या पायऱ्यांवर गाठलं.

"अरे लेनर्ड, साखर बाटलीत टाकायची नाही हं. तो रोलंड सांगेल, पण त्याचं आयुष्य लोकांच्या दातांत गेलंय, त्याला साखरेतलं काय कळतंय? सगळी साखर एकदम उकळायची आणि भरायच्या आधी पिंपातच ओतायची. समजलं?"

"समजलं."

"आणि कपाटात ठेवलीयस ना?"

"हो," लेनर्ड म्हणाला.

लेनर्डचा स्वभाव असा की दोन माणसांनी दोन वाटा दाखवल्या तर तो दोघांचं मन राखायला दोन्हींनी जाईल. बाटल्या भरायच्या दिवशी त्याने डॅफ्नीबाईंच्या सांगण्याप्रमाणे साखर उकळून पिंपात ओतली, आणि मग रोलंडच्या सांगण्याप्रमाणे प्रत्येक बाटलीत अर्धा चमचा टाकली. उद्या दोघांपैकी कोणीही विचारलं तरी आपल्याला खोटं बोलावं लागणार नाही, एवढाच त्याचा शुद्ध हेतू होता. चाळीस बाटल्यांना बुचं ठोकून त्याने त्या बैठकीखालच्या खणात रचून ठेवल्या.

पण त्याआधी जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

झालं असं, की पिंप मुक्कामाला येऊन नऊ दिवस झाले होते आणि डॅफ्नीबाई धक्क्याची पाहणी करत चालल्या होत्या. टीझलच्या काचेतून त्यांची नजर सहज आत गेली. सकाळचे दहा वाजलेले. फळीवर कठडा वर ओढून, गळ्यापर्यंत स्लीपिंग बॅगेत, डोक्यावर टोपी घालून कोणीतरी झोपलेलं. बारीक घोरण्याचा आवाज. आणि शेजारी बसून लेनर्ड मायेने म्हणतोय, "थंडी नाही ना वाजत? थांब, दुसरी पिशवी लावतो."

डॅफ्नीबाई दोन पावलं मागे आल्या आणि उरलेली पाहणी त्यांनी चवड्यांवर चालत केली.

संध्याकाळपर्यंत साऱ्या धक्क्याला कळलं. दोन गरम पिशव्या घेऊन तो रोज का जातो याचा उलगडा आता झाला. बीअर तर घरी कपाटात होती, तसं त्याने स्वतःच दोघांना सांगितलं होतं. मग होडीवर असणार ते माणूसच. कोणाला वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. बिचाऱ्याला सोबत मिळाली म्हणाले. आणि नव्या जोडप्याला त्यांचं त्यांना राहू द्यावं म्हणून टीझलवरून जाताना लोक आता नजरही दुसरीकडे वळवू लागले. आधी निदान "ठीक ना?" विचारत होते, तेही बंद झालं.

लेनर्डला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला पत्ता लागला तो क्लबचे चिटणीस मॉर्टिमर टोव्हेल यांच्या पत्राने. पत्र टाइप केलेलं होतं. आपल्या होडीवर तीन रात्रींहून अधिक काळ एक पाहुणा वास्तव्यास असल्याचे समजते, नियम चौदा, पोटकलम ब अन्वये अशा पाहुण्याची नोंद वहीत करणे बंधनकारक आहे, तरी सोबतचा अर्ज भरून द्यावा. अर्जात रकाने होते: पाहुण्याचे नाव, वय, आपल्याशी नाते, आणि पोहता येते काय.

लेनर्ड पत्र घेऊन तडक टोव्हेलांच्या खोलीत गेला.

"मिस्टर टोव्हेल, माझ्या होडीवर पाहुणा नव्हता. पिंप होतं."

टोव्हेलांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पिंप."

"बीअरचं. स्लीपिंग बॅगेत होतं, कारण थंडी होती."

"मिस्टर थर्गुड, तुम्ही मला कारण सांगायची गरज नाही. या खोलीत बोललेलं या खोलीबाहेर जात नाही. अध्यक्षांनासुद्धा मी चकार शब्द सांगणार नाही."

"अहो, पण सांगा! मला सांगायलाच हवंय."

"तुमची खाजगी बाब आहे," टोव्हेल ठामपणे म्हणाले. "प्रश्न वहीचा आहे. 'पाहुणा: एक' अशी नोंद अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने केलेली आहे. आता ती खोडायची तर वार्षिक सभेत ठराव लागेल. तुम्ही सुचवणार, दुसरं कोणी अनुमोदन देणार, मग चर्चा."

"चर्चा? पिंपावर?"

"बावीस सभासद उपस्थित असावे लागतात."

बावीस सभासदांसमोर उभं राहून आपल्याकडे कोणीही राहत नाही असा ठराव मांडायचा, या कल्पनेसरशी लेनर्डने अर्जाची घडी घातली. "दुसरा काही उपाय?"

"आहे ना. पाहुणा गेल्याची तारीख लिहा. नोंद आपोआप पूर्ण होते."

लेनर्डने पेन उचललं आणि बाटल्या भरल्या तो दिवस लिहिला. गेले: सतरा जुलै. मग टोव्हेलांनी ती वही नेहमीप्रमाणे क्लबातल्या बारच्या शेजारच्या खुंटीला अडकवली. तिथे बीअरची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाला वाचायला दुसरं काही नसतं.

अशा रीतीने लेनर्ड थर्गुडला सतरा जुलै रोजी एका पिंपाने सोडलं.

गावाची सहानुभूती आता कळसाला पोचली. एकदा बायको गेली आणि आता ही, कोण होती कोण जाणे, अकरा दिवसांत निघून गेली. वाण्याच्या दुकानात बायका त्याला रांगेत पुढे जाऊ देऊ लागल्या. एके दुपारी तो होडीवर आला तर पायरीवर चांदीच्या कागदात झाकलेली, अजून गरम असलेली बटाट्याची आणि खिम्याची थाळी. चिठ्ठी नाही. धक्क्यावर कोणी नाही. दुसऱ्या आठवड्यात सफरचंदाचं गोड आलं, तसंच. ठेवणाऱ्याने ठेवलं आणि त्याला संकोच नको म्हणून पळ काढला. लेनर्डने ते केबिनमध्ये बसून एकट्याने खाल्लं. सफरचंदात दालचिनी होती. चवीला फार छान होतं आणि त्याला वाटलं, ज्याने कोणी हे केलं त्याने पाच मिनिटं बसून यातलं चमचाभर माझ्यासमोर खाल्लं असतं तर मी थाळीसुद्धा चाटून पुसून परत केली असती. थाळ्या त्याने धुऊन पायरीवर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्या गुपचूप नाहीशा झाल्या.

रोलंड एकदा नुसता आपल्या कठड्याला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "वारा पडलाय."

"हो."

"पडतो कधीकधी. मग सुटतो परत."

"सुटतो," लेनर्ड म्हणाला.

रोलंडने मान हलवली. आपण फार मोठं सांत्वन केलं असं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं. लेनर्डच्या ओठांवर आलं होतं की अरे, असं काही झालेलंच नाही. पण ते सांगायचं म्हणजे माझ्याकडे कोणी आलंच नव्हतं, दोन वर्षांत कोणीही नाही, हे आपल्या तोंडाने म्हणायचं. ज्याला कोणी सोडून जातं त्याच्याकडे निदान आधी कोणीतरी आलेलं असतं. ऑगस्टमध्ये बाटल्या उघडल्या की लोक येतील, मग हसत हसत सांगू, असं लेनर्डने स्वतःला समजावलं.

मेळाव्याचा दिवस चक्क उन्हाचा निघाला. आठ होड्या खाडीत शिरल्या. डॅफ्नीबाईंच्या होडीने नांगर टाकला, तिला रोलंडची बांधली, तिला लेनर्डची टीझल आणि पुढे बाकीच्या पाच, एकीला एक खेटून. खाण्यापिण्याचा जमाव डॅफ्नीबाईंच्या होडीवर असायचा. म्हणजे पाच होड्यांवरच्या प्रत्येक माणसाला तिथे जायला लेनर्डच्या होडीवरूनच जावं लागणार होतं. लेनर्डने हे महिनाभर आधी कागदावर आखून बघितलं होतं आणि मुद्दाम तिसरी जागा गाठली होती.

त्याने बैठकीतल्या गाद्या झटकल्या. आठ ग्लास मांडले. चीजचे तुकडे केले, मुरवलेले कांदे काढले. आणि सकाळपासून पाठ केलेलं वाक्य पुन्हा एकदा, अगदी सहज सुचल्यासारखं, पुटपुटून बघितलं: "जरा चाखून बघता का? पहिलाच प्रयत्न आहे."

एक गोष्ट मात्र तो कागदावर आखायला विसरला होता. दुसऱ्याच्या होडीवरून जायचं तर मागच्या बैठकीतून कधी जायचं नाही. ती त्या माणसाची बसायची खोली. जायचं ते पुढच्या टोकाकडून, डोलकाठीच्या पलीकडून, आत न डोकावता. हा रिवाज लेनर्डने स्वतः चाळीस वर्षं पाळला होता. दुपारी दोनला माणसं यायला लागली आणि एकामागून एक त्याच्या डोक्याच्या उंचीवरच्या फळ्यांवरून, पुढून, निघून गेली. तीन माणसांनी तर बूट काढून हातात घेतले होते. पायमोज्यांतली ती पावलं आजाऱ्याच्या खोलीतून जावं तशी जात होती. लेनर्ड बैठकीत उठून उभा राहिला आणि म्हणाला, "जरा चाखून—"

"तू बस, बस," पुढून कोणीतरी कुजबुजलं. "आम्ही गेलोच."

तो बसला. पलीकडच्या होडीतून हसणं ऐकू येऊ लागलं. रोलंडने मान वाकवून म्हटलं होतं, "यायचं असेल तर ये हं लेनर्ड, पण आग्रह नाही. अजिबात नाही." असं आमंत्रण स्वीकारायचं कसं हे अजून कोणाला समजलेलं नाही. चीजला घाम सुटला. लेनर्डने आठ ग्लास पुसले आणि परत मांडले. त्याला तिथून उठून घरी जावंसं वाटलं, पण दोन्हीकडे होड्या बांधलेल्या. शिवाय घरी तरी कोण होतं?

आणि त्याच्या बुडाखाली पहिली बाटली फुटली.

आवाज बंदुकीसारखा झाला. पलीकडचं हसणं बंद पडलं. इंग्रज माणसाला शेजारच्या घरात स्फोट झालेला ऐकू आला तर तो आधी, आपण ऐकलं हे त्यांना कळू नये याची काळजी घेतो.

"लेनर्ड?" रोलंडचा आवाज. "ठीक ना?"

"ठीक," लेनर्डच्या तोंडून सवयीने गेलं.

"बरं बरं," रोलंड म्हणाला, आणि पलीकडे सगळे वाऱ्याविषयी मोठमोठ्याने बोलू लागले.

दुहेरी साखरेची, चार आठवडे मुरलेली, तीन तास लाटांवर हलवलेली आणि वर ऊन लागलेली बीअर होती ती. दुसरी फुटली. मग तिसरी आणि चौथी एकदम. लेनर्ड बैठकीवरून उडी मारून उतरला तोच खणाचं झाकण वर उचललं गेलं आणि फेसाचा एक गढूळ लोट त्याच्या छातीवर, चष्म्यावर, आठ ग्लासांवर, चीजवर आला. बुचं डोलकाठीवर टणाटण आपटत होती. एक थेट डॅफ्नीबाईंच्या शिडात गेलं. आठ होड्यांच्या मधून तांबूस फेस वाहू लागला, आणि तरीही कोणी काही विचारलं नाही. सगळे उभे राहून अदबीने दुसरीकडे बघत होते.

शेवटी रोलंड पुढे झाला. आपल्या कठड्याशी उभा राहून, नजर खाली घालून तो म्हणाला, "लेनर्ड, आम्ही मध्ये पडत नाही. तुझ्यावर जे गुदरलंय ते... तुला जर थोडं एकटं राहायचं असेल तर आम्ही सगळे होड्या सोडून जरा लांब जाऊन थांबतो. खरंच. काही त्रास नाही आम्हाला."

"नाही!" लेनर्ड ओरडला.

तो आयुष्यात कधी ओरडला नव्हता. सांडपाणी खात्यातसुद्धा नाही.

"नाही राहायचं मला एकटं! कोणी सोडून गेलेलं नाही मला. कोणी आलंच नव्हतं. ते पिंप होतं रे, पिंप! बीअरचं! टोपी घातलेलं! दोन वर्षांत या होडीवर एक माणूस बसलेला नाही, रोलंड. म्हणून केली ही बीअर. तुम्ही याल म्हणून. आणि तुम्ही सगळे बूट काढून माझ्या डोक्यावरून जाताय!"

मग त्याची त्यालाच लाज वाटली आणि तो फेसात खाली बसला. खणात उरलेली बीअर फसफसत होती. चष्म्यावरून काही दिसत नव्हतं. रडू येत होतं आणि ते त्याने थांबवलं नाही.

मग एक पाऊल वाजलं. बूट घातलेलं, जड, एका पायावर जोर देणारं. डॅफ्नीबाई आपल्या होडीवरून रोलंडच्या होडीवर चढल्या. धातूचा गुडघा वाकत नव्हता म्हणून तो पाय त्यांनी दोन्ही हातांनी उचलून कठड्यावरून पलीकडे टाकला. रोलंडने हात पुढे केला, तो त्यांनी झटकला. पुढच्या टोकाकडे न जाता त्या तशाच, रोलंडच्या बैठकीतून, तिथवर पसरलेल्या लोकांच्या मांड्यांवरून आणि ताटांवरून, सरळ लेनर्डच्या कठड्याशी आल्या.

"आत येऊ का?"

लेनर्डने सरकून जागा केली.

डॅफ्नीबाई फेसात धपकन बसल्या. त्यांनी एक ग्लास उचलून झटकला. शाबूत राहिलेल्या बाटल्यांपैकी एक काढली, लांब धरून, तोंड वळवून उघडली आणि ग्लासात ओतली. बीअर खाडीच्या रंगाची होती. त्यांनी मोठा घोट घेतला, तो काही वेळ तोंडात धरून ठेवला आणि मोठ्या निश्चयाने गिळला.

"लेनर्ड," त्या म्हणाल्या, "अ‍ॅव्हिस असती तर तिने हे खाडीत ओतलं असतं."

दोन वर्षांत त्याच्यासमोर कोणी ते नाव घेतलं नव्हतं. त्याला दुखू नये म्हणून साऱ्या गावाने ते नाव जिभेवरून पुसून टाकलं होतं. घरात मोठ्याने म्हणावं तर तिथे ऐकायला कोणी नव्हतं. लेनर्डने चष्मा काढला.

"खाडीतही नसतं ओतू दिलं तिने," तो म्हणाला. "म्हणाली असती, माशांनी काय घोडं मारलंय?"

डॅफ्नीबाई हसल्या, भोंग्यासारख्या, आठही होड्यांवर ऐकू जाईल अशा. "आणि?" त्यांनी ग्लास पुन्हा पुढे केला. "आणखी काय म्हणाली असती? सांग ना."

लेनर्ड सांगायला लागला. रोलंड आपला ग्लास घेऊन कठड्यावरून आत उतरला, मग त्याच्यामागून आणखी एक जण, मग आणखी दोघं. बसायला जागा नव्हती, म्हणून ते बूट घालून फेसातच उभे राहिले आणि ऐकू लागले.